बॅककंट्रीत जायच्या आधी अ‍ॅव्हलांचचं (हिमस्खलनाचं) ट्रेनिंग: कुठून सुरू करायचं, काय शिकायचं, काय घ्यायचं

सिअ‍ॅटल-बेलव्ह्यू-रेडमंडकडच्या मराठी मंडळींचा स्नोमधला प्रवास साधारण ठरलेला असतो. पहिल्या हिवाळ्यात स्नोक्वाल्मीला भाड्याचे बूट घालून ग्रीन रनवर (सगळ्यात सोप्या उतारावर) आपटायचं, पुढच्या वर्षी सीझन पास घ्यायचा, मग शनिवारी सकाळची लिफ्टची रांग आणि पार्किंगची मारामारी बघून वैतागायचं. आणि मग कधीतरी ग्रुपमधला एखादा टूरिंग स्की नाहीतर स्प्लिटबोर्ड (चढताना दोन भागांत सुटणारा स्नोबोर्ड) घेऊन येतो आणि मेसेज टाकतो, "विकेंडला बॅककंट्री, कोण कोण येतंय?" बॅककंट्री म्हणजे रिसॉर्टच्या बाहेरचा मोकळा डोंगर. त्याखाली "मी पण" लिहायच्या आधी काय काय करायचं ते इथे क्रमाने सांगतोय. सगळं कॅस्केड्स डोक्यात ठेवून लिहिलंय, पण कोलोरॅडो, यूटा, कॅनडावाल्यांनाही बहुतेक सगळं तसंच लागू पडेल. शेवटी गुलमर्गबद्दल पण लिहिलंय, कारण सुट्टीत भारतात गेल्यावर तिकडे बोर्ड घेऊन जाणारेही आता भेटतात.

आधी एक फरक नीट डोक्यात बसवा

रिसॉर्टमध्ये पण डोंगर तोच आणि बर्फ तोच, पण तिथे लिफ्ट सुरू व्हायच्या आधी पहाटे स्की पेट्रोलची माणसं उतारांवर स्फोटकं टाकून जे पडणार असेल ते आधीच पाडून घेतात, धोक्याचा भाग दोरी लावून बंद ठेवतात, कोणाला लागलं तर स्लेज घेऊन धावत येतात. बाउंड्रीच्या गेटमधून दहा पावलं बाहेर गेलात की यातलं काही म्हणजे काही नाही. लिफ्टने वर जाऊन गेटमधून बाहेर पडायचं त्याला साइडकंट्री म्हणतात, आणि नावावरून ते जरा कमी धोक्याचं वाटतं, पण तुम्ही लिफ्टने आलात की दोन तास घाम गाळून चढून आलात याच्याशी उताराला काही देणंघेणं नसतं.

दुसरं म्हणजे, अ‍ॅव्हलांच म्हटलं की वरून अचानक काहीतरी कोसळलं आणि खालच्या बिचाऱ्यांवर पडलं असं चित्र आपल्या डोक्यात असतं. पण स्की-स्नोबोर्डवाल्यांच्या अपघातांत दहातल्या नऊ वेळा तो उतार अडकलेल्या माणसानेच किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कोणीतरी तोडलेला असतो. सगळ्यात जास्त बळी घेतो तो स्लॅब प्रकार. खाली एक कमकुवत थर असतो, दाणेदार, हातात घेतला तर सुटासुटा होणारा, आणि त्याच्यावर नवीन पडलेल्या किंवा वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाची एकसंध पाटी बसलेली असते. परातीत साखर पसरा, वर पोळपाट ठेवा आणि परात हळूहळू तिरकी करत जा, एका क्षणी पोळपाट अख्खाच्या अख्खा सुटतो, तसं. फक्त इथे परात तिरकी करायचं काम डोंगराने आधीच करून ठेवलेलं असतं आणि शेवटचा धक्का आपण देतो. म्हणजे बहुतेक अपघात टाळता येण्यासारखे असतात, आणि कोर्स करायचं कारण हेच.

पायरी १: फुकटातलं आधी उरकून घ्या

"नो बिफोर यू गो" नावाचा फुकट ऑनलाइन कार्यक्रम आहे, मूळ यूटाचा, घरी बसून एका संध्याकाळी होतो. शिवाय नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटर, म्हणजे एनडब्ल्यूएसी, हिवाळा सुरू व्हायच्या सुमाराला फुकट अवेअरनेस क्लास घेतं. यातून तुम्ही शहाणे वगैरे होत नाही, पण पुढच्या कोर्समध्ये इन्स्ट्रक्टर काय बोलतोय ते डोक्यावरून जात नाही. घरातल्यांनाही बसवा, खास करून जे स्वतः येणार नाहीत पण घरी काळजी करत बसणार आहेत त्यांना.

आणि हा विषय नुसता स्कीवाल्यांचा नाही बरं का. स्टीव्हन्स पासजवळचा आयर्न गोट ट्रेल आपली बरीच मंडळी उन्हाळ्यात पोराबाळांना घेऊन चालतात. तिथेच वेलिंग्टनला १ मार्च १९१० च्या पहाटे बर्फात अडकून उभ्या राहिलेल्या दोन रेल्वेगाड्या अ‍ॅव्हलांचने खाली दरीत ढकलल्या आणि ९६ माणसं मेली. अमेरिकेच्या इतिहासातली ती आजही सगळ्यात भीषण अ‍ॅव्हलांच आहे. उन्हाळ्यात फुलं आणि रेलिंग बघून अजिबात पटत नाही.

पायरी २: कोर्स बुक करा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातच करा

अमेरिकेत सगळ्यात जास्त ठिकाणी मिळणारा कोर्स एआयएआरईचा (अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅव्हलांच रिसर्च अँड एज्युकेशन). ही संस्था अभ्यासक्रम बनवते, शिकवतात मात्र वेगवेगळ्या गाइड कंपन्या आणि क्लब. सिअ‍ॅटलमध्ये १९०६ पासून चालू असलेला माउंटेनियर्स क्लब पण शिकवतो. तुम्हाला हवा तो लेव्हल १, एकूण २४ तासांचा, सहसा तीन दिवसांत विभागलेला. थोडा भाग ऑनलाइन किंवा क्लासरूममध्ये, बाकी बाहेर बर्फात. त्याच्या जोडीला रेस्क्यूचा एक दिवसाचा वेगळा कोर्स असतो, ८ तासांचा. माझं मत विचाराल तर दोन्ही एकाच सीझनमध्ये करा, आणि जमलं तर रेस्क्यू आधी, कारण लेव्हल १ च्या फील्ड डेला बीकन (गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र) कुठल्या बटणाने सर्चला जातो हे शोधत बसलात तर बाकीचं काही डोक्यात शिरत नाही. लेव्हल २ ची घाई नको, त्याच्या आधी एक-दोन सीझन फिरलेलं असावं.

कॅनडात, म्हणजे व्हॅन्कुव्हर-कॅलगरीवाल्यांसाठी, अ‍ॅव्हलांच कॅनडाचा एएसटी १ (अ‍ॅव्हलांच स्किल्स ट्रेनिंग) हा साधारण त्याच पातळीचा कोर्स आहे. युरोपात असाल तर स्थानिक अल्पाइन क्लबमध्ये विचारा.

पैसे लागतात, लपवायचं कशाला. लेव्हल १ सहसा पाचशे डॉलरच्या पुढेच जातो आणि वर गियर वेगळं. लोक दीड हजाराचा स्प्लिटबोर्ड डोळे झाकून घेतात आणि कोर्सच्या फीला "बघू पुढच्या वर्षी" म्हणतात, ते काही पटत नाही. जानेवारीच्या विकेंडचे कोर्स डिसेंबरात शोधायला गेलात तर फुल झालेले असतात. मधल्या वारांचे, म्हणजे मंगळ-बुध वगैरे, त्यातल्या त्यात मिळतात, एक-दोन दिवस सुट्टी टाका.

एक गोष्ट आधीच बघून घ्या: हा स्की शिकवायचा कोर्स नाही. रिसॉर्टमध्ये निळ्या (मध्यम) आणि काळ्यातल्या (अवघड) सोप्या रनवर कुठल्याही बर्फात, कुरकुरीत असो की ओला जड, स्वतःला सांभाळून उतरता यायला हवं आणि पाठीवर बॅग घेऊन दोन-तीन तास चढता यायला हवं. स्नोबोर्डवाल्यांनी स्प्लिटबोर्ड चढायच्या मोडमधून उतरायच्या मोडमध्ये आणायची सवय आधीच करून यावं, नाहीतर वाऱ्यात बाकीचे कुडकुडत उभे आणि तुम्ही बाइंडिंग बसवायच्या पक आणि क्लिपशी झटापट करताय असं होतं. स्प्लिटबोर्ड नसेल तर स्नोशू चालतील का ते कोर्सवाल्यांना विचारा, काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी नाही.

पायरी ३: तीन वस्तू, तिन्ही प्रत्येकाकडे

बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची लांब काठी), फावडं. ग्रुपमध्ये मिळून एक असं चालत नाही, कारण ज्याच्याकडे फावडं आहे तोच गाडला गेला तर बाकीचे काय हाताने उकरणार?

बीकन, म्हणजे ट्रान्सीव्हर, हा सतत ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवत राहतो आणि गरज पडली की तोच शोधायच्या मोडवर टाकता येतो. जगभर हीच फ्रिक्वेन्सी, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा घेतला तरी एकमेकांना सापडतात. तीन अँटेनाचा डिजिटल घ्या, तीनशे-चारशे डॉलरला बरा येतो. कोणाच्या गॅरेजमधला पंधरा वर्षं जुना फुकट मिळतोय म्हणून घेऊ नका. कंपनीने स्पष्ट सांगितलं नसेल तर बॅटरी अल्कलाइनच, रिचार्जेबल नाही, कारण रिचार्जेबल शेवटपर्यंत चांगला आकडा दाखवते आणि मग एकदम मान टाकते. बीकन बॅगेत ठेवायचा नाही. त्याच्या पट्ट्याने अंगावर बांधायचा, वरच्या जॅकेटच्या आत, घरून निघताना किंवा फार तर पार्किंगमध्ये सुरू करायचा आणि परत गाडीपाशी आल्यावरच बंद करायचा.

आपल्या आयटीवाल्यांसाठी खास सूचना: फोन, स्मार्टवॉच, गोप्रो, हीटेड ग्लोव्ह्ज, जॅकेटच्या खिशाचं मॅग्नेटवालं बटण, या सगळ्यांनी बीकनच्या सिग्नलमध्ये गडबड होते. नियम असा की बीकन नुसता पाठवत असताना बाकी इलेक्ट्रॉनिक्स २० सेंटीमीटर लांब आणि शोधताना ५० सेंटीमीटर. छातीवर बीकन आणि त्याच्याच वरच्या खिशात फोन, हे फार कॉमन आहे आणि फार चुकीचं आहे. फोन मांडीच्या खिशात किंवा बॅगेत टाका.

प्रोब २४० सेंटीमीटरपेक्षा लहान नको, ३०० च्या आसपास असेल तर उत्तम. फावडं अ‍ॅल्युमिनियमचं, प्लॅस्टिकचं पातं थांबलेल्या अ‍ॅव्हलांचच्या बर्फावर मोडतं, तो बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. दोन्ही बॅगेच्या आत. फावडं बाहेर लटकवलं की फोटो भारी येतो पण घसरगुंडीत तेच आधी निघून जातं.

एअरबॅगवाली बॅग, म्हणजे ओढल्यावर फुगून तुम्हाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करणारी? चांगली आहे, जगण्याची शक्यता खरंच वाढवते, पण झाडावर किंवा खडकावर आपटलात तर ती काही करू शकत नाही. आधी कोर्स, मग तीन वस्तू, मग हेल्मेट, मग सॅटेलाइट मेसेंजर (डोंगरात फोनला रेंज नसतेच), आणि पैसे उरले तर एअरबॅग.

पायरी ४: फोरकास्ट रोज वाचा, जायचं नसलं तरी

सीझनमध्ये एनडब्ल्यूएसीचा फोरकास्ट रोज निघतो, स्नोक्वाल्मी पास, स्टीव्हन्स पास, माउंट हूड असे भाग पाडलेले असतात. एकदम शनिवारी पहाटे गाडीत बसून वाचला तर काहीच उपयोग नाही, कारण आज जो कमकुवत थर खाली दबलाय तो दहा दिवसांपूर्वी कोरड्या थंडीत तयार झालेला असू शकतो, आणि ती गोष्ट तुम्हाला आधीपासून माहीत असली तरच आजचं वाक्य कळतं. रोज चहाबरोबर दोन मिनिटं द्या.

धोक्याच्या पाच पातळ्या असतात: लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. इथे आपला परीक्षेचा मेंदू घात करतो. पाचपैकी तीन म्हणजे मधलं, म्हणजे ठीकठाक, काळजी घेऊन जाऊ, असं वाटतं. पण पातळ्या अशा सरळ पायऱ्यांनी चढत नाहीत. कन्सिडरेबलला माणसाच्या वजनाने उतार सुटायची दाट शक्यता असते, आणि बरेचसे मृत्यू याच पातळीवर होतात, कारण हाय असलं की लोक घरी बसतात आणि कन्सिडरेबलला निघतात. नवीन असाल तर पहिला सीझन लो आणि मॉडरेटलाच जा, आणि मॉडरेटला पण "कुठे" ते वाचून.

कारण खरी माहिती त्या आकड्याच्या खाली असते. आज प्रॉब्लेम कुठला आहे, वाऱ्याने रचलेला स्लॅब, वादळात पडलेला नवीन स्लॅब, खोलवर दबलेला जुना थर, की ऊन-पावसाने ओला झालेला बर्फ? तो कुठल्या दिशेच्या उतारावर आणि किती उंचीवर आहे? कॅस्केड्समध्ये वादळं बहुतेकदा नैऋत्य-पश्चिमेकडून येतात, वारा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे नेऊन टाकतो, म्हणून उत्तर-ईशान्येकडचे उतार जास्त लादलेले असतात, आणि नेमका तिथेच सावलीत भुसभुशीत छान पावडर टिकलेला असतो. इथली आणखी एक खासियत म्हणजे भर जानेवारीत पासवर पाऊस. ताज्या बर्फावर पाऊस सुरू झाला की त्या दिवशी स्की नको, भजी तळा.

पायरी ५: उतार मोजायला शिका

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उपयोगी. स्लॅब अ‍ॅव्हलांच बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, ३८ च्या आसपास सगळ्यात जास्त. रिसॉर्टमधला ब्लॅक रन साधारण याच रेंजमध्ये येतो, म्हणजे जे आपल्याला उतरायला मजा येते तेच सुटतं. कॅलटोपो किंवा तत्सम अ‍ॅपमध्ये स्लोप शेडिंग चालू केलं की ३० च्या पुढचे भाग रंगीत दिसतात. फक्त लक्षात ठेवा, नकाशात छोटे छोटे उतार पुसले जातात. दहा मीटरचा तीव्र टप्पा नकाशावर दिसणारच नाही पण तेवढाच माणूस गाडायला पुरतो, खास करून खाली ओढा किंवा घळ असेल तर. म्हणून जागेवर पोलला किंवा फोनला इनक्लिनोमीटर लावून मोजत जा, पंधरा-वीस दिवसांत नजर बसते.

आणि तुम्ही स्वतः २० अंशांच्या मोकळ्या कुरणात उभे आहात म्हणून निश्चिंत होऊ नका, वर मान करून बघा. वरचा उतार सुटला तर तो कुठपर्यंत येईल? जेवायला तिथे बसायचं नाही.

कोर्समध्ये नक्की काय होतं

सकाळी सगळे गोल करून फोरकास्ट वाचतात, नकाशा उघडतात, आज कुठे जायचं आणि कुठे अजिबात जायचं नाही हे ठरवतात, पार्किंगमधून निघताना एकेकाचा बीकन चेक होतो. मग चढत चढत इन्स्ट्रक्टर थांबवत राहतो: हा वाऱ्याचा पोत बघ, ते समोरच्या बाजूचं ताजं तुटलेलं बघ, इथे पाय टाकल्यावर "व्हूम्फ" असा आवाज आला का? तो आवाज म्हणजे तुमच्या पायाखाली थर बसला, आणि त्या दिवशी तीव्र उतार बंद. स्कीच्या टोकापासून भेगा पळताना दिसल्या तरी तेच. गेल्या एक-दोन दिवसांत भरपूर बर्फ, पाऊस, जोराचा वारा किंवा एकदम चढलेलं तापमान, ही पण धोक्याची चिन्हं.

मग खड्डा. सगळ्यांना याचीच उत्सुकता असते. फावड्याने मीटर-दीड मीटर खोल खणायचं, समोरची भिंत साफ कापायची आणि मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी असं करत वरून खाली थर दाबत यायचं. मूठ सहज आत गेली म्हणजे मऊ, पेन्सिलच जाते म्हणजे कडक. कडकाच्या खाली मऊ लागलं की तिथे भिंग लावून कण बघायचे. मग ईसीटी (एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट) नावाची टेस्ट: ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर आत असा खांब दोरीने मोकळा कापायचा, एका टोकाला फावड्याचं पातं आडवं ठेवायचं आणि त्याच्यावर मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० अशा थापा मारायच्या. अकराव्या-बाराव्या थापेला काहीच झालेलं नसतं आणि तेराव्याला अख्खा खांब एका रेषेत सर्रकन पुढे सरकून तुमच्या मांडीवर येतो. ते एकदा स्वतःच्या हाताने झालं की "स्लॅब" म्हणजे काय हे परत कोणी समजवावं लागत नाही.

पण खड्ड्याचा रिझल्ट चांगला आला म्हणून उतार सुरक्षित, असं कधीही नाही. पन्नास मीटर पलीकडे चित्र वेगळं असू शकतं. खड्डा "नको" म्हणाला तर ऐकायचं, "हो" म्हणाला तर त्याच्या भरवशावर जायचं नाही.

रेस्क्यू: इथे घड्याळ चालू असतं

९११ ला फोन लागला तरी शेरीफच्या सर्च अँड रेस्क्यूचे व्हॉलंटियर यायला तास लागतात. गाडलेल्या माणसाकडे मिनिटं असतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक सगळे जगतात, अर्ध्या तासापर्यंत ते प्रमाण तिघांत एकाच्या आसपास येतं. म्हणजे वाचवणार कोण, तर बरोबर असलेला मित्र. यासाठीच ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे यायला हवं, फक्त "अनुभवी" असलेल्याला नाही.

क्रम असा. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्याने पकडून ठेवा. वरून अजून काही यायची भीती आहे का बघा, तुम्हीच अडकलात तर संपलं. एकाने ताबा घ्यायचा, माणसं मोजायची, आणि सगळ्यांनी बीकन सर्चवर टाकायचे. सगळ्यांनी, कारण एक जण जरी पाठवत राहिला तरी बाकीचे त्यालाच शोधत बसतात. मग ढिगाऱ्यावर पट्टे पाडून जायचं, दोन पट्ट्यांत ४० मीटर आणि कडेपासून २०, डोळे उघडे ठेवून, कारण बऱ्याचदा ग्लोव्ह नाहीतर स्कीचं टोक वर दिसत असतं. सिग्नल लागला की बाण दाखवेल तसं जायचं. रस्ता सरळ नसतो, वळत वळत जातो, आकडा कमी होतोय ना तेवढं बघायचं. दहा मीटरच्या आत आलात की वेग कमी, तीन मीटरच्या आत आलात की गुडघ्यावर बसून बीकन बर्फाला टेकवायचा आणि आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे सावकाश सरकवत सगळ्यात लहान आकडा शोधायचा. इथे बीकन गोल गोल फिरवायचा मोह होतो, फिरवायचा नाही, एकाच दिशेला धरून सरकवायचा.

सगळ्यात लहान आकड्यावर प्रोब घाला, उताराला काटकोनात, सरळ खाली नाही. नाही लागलं तर २५ सेंटीमीटरवर परत, असं बाहेर बाहेर वर्तुळ वाढवत. माणूस लागला की ते कळतं, जमिनीसारखं टणक नाही आणि बर्फासारखं पण नाही. लागलेला प्रोब तिथेच ठेवा, काढू नका.

आणि मग खणणं, ज्याची प्रॅक्टिस कोणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून विहीर खणायची नाही. प्रोबवरची खोली बघा, तिच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत खणत या. एक जण पुढे बर्फ तोडतो, मागचे दोघं बर्फ वल्हवल्यासारखा मागे ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदलायचा. आधी चेहरा आणि छाती मोकळी करा, तोंडातला बर्फ काढा, श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायला सुरू करा, बाकीचं अंग नंतर. सीपीआरचा कोर्स केलेला नसेल तर तोही याच यादीत टाका.

घरी प्रॅक्टिस? बागेत एकाने बीकन डब्यात घालून पानांच्या ढिगात लपवायचा आणि बाकीच्यांनी स्टॉपवॉच लावून शोधायचा. शेजारी बघतात, बघू देत.

आणि आता जे सगळ्यात अवघड जातं ते

१९ फेब्रुवारी २०१२ ला स्टीव्हन्स पासच्या मागे टनेल क्रीकला तीन जण अ‍ॅव्हलांचमध्ये मेले. तो ग्रुप नवशिक्यांचा नव्हता. प्रोफेशनल स्कीअर, स्कीच्या धंद्यातली माणसं, तो डोंगर वर्षानुवर्षं ओळखणारे स्थानिक, असे पंधरा-सोळा जण. बीकन होते, ज्ञान होतं, फोरकास्ट माहीत होता. आणि नंतर बोलताना त्यातल्या काहींनी सांगितलं की मनात शंका होती पण एवढे मोठे लोक बरोबर आहेत तर आपण कशाला बोलायचं.

हे वाक्य आपल्याला किती ओळखीचं आहे बघा. सह्याद्रीत ट्रेकला जाऊन तयार झालेली आपली पिढी "लीडर म्हणेल ते" या शिस्तीत वाढली, आणि तिथे ती बरोबर पण होती. शिवाय वयाने मोठा असेल तर त्याच्यापुढे "दादा, मला हे नको वाटतंय" म्हणायला जीभ रेटत नाही, वरून "घाबरला रे हा" हा टोमणा वर्षभर ग्रुपवर फिरणार ही भीती. त्यात दोन तास चढून आलोय, परत कधी सुट्टी मिळणार, शेजारच्या उतारावर कोणाचे तरी ट्रॅक दिसतायत म्हणजे चालतंय, या सगळ्याची भर. माझ्या मते लेव्हल १ मधली खरी कमाई बीकन किंवा खड्डा नाही, त्या तीन दिवसांत तुम्हाला मोठ्याने "नको" म्हणायची आणि दुसऱ्याचं "नको" ऐकून घ्यायची सवय लावतात, ही आहे.

त्यामुळे निघतानाच ठरवून टाका: एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार, कारण विचारायचं नाही, चर्चा घरी गेल्यावर. ग्रुप तीन-चार जणांचाच, आठ-दहाची पिकनिक नको. बोलायची सुरुवात सगळ्यात नवीन माणसाकडून करायची, अनुभवी माणसाने शेवटी बोलायचं, नाहीतर तो बोलला की बाकीचे गप्प. आणि कुठले उतार आज बंद ते घरी, गरम चहा पिताना ठरवायचं. वर पोचल्यावर, पावडर समोर दिसत असताना, त्यात नवीन उतार वाढवायचे नाहीत.

कोर्स झाल्यावर

सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नाही, कोणी नापास होत नाही तिथे. पहिल्या टूर ३० अंशांच्या खालच्या आणि वर काहीही लटकत नसलेल्या जागीच करा, तिथेही भरपूर मजा येते. तीव्र भाग ओलांडायचा असेल तर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडे बघत. पोलचे पट्टे मनगटातून काढलेले. सापडलातच तर ओरडा, बाजूला निसटायचा प्रयत्न करा, एअरबॅग असेल तर ओढा, आणि वेग कमी होतोय असं वाटलं की हात तोंडासमोर आणा म्हणजे श्वासाला जागा राहील. घनदाट जंगलात अ‍ॅव्हलांच नाही म्हणून खुशीत असाल तर झाडांच्या बुंध्याभोवतीच्या खोल पोकळीत डोकं खाली जाऊन गुदमरणारे पण दर काही वर्षांनी असतात, तेव्हा जोडीदार नजरेआड करू नका.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या खांद्यावर, जवळपास ४ हजार मीटरवर नेऊन सोडतो. तिकीट काढलं की कोणीही वर. स्की पेट्रोल सांभाळतं तो भाग मर्यादित आहे, त्याच्या डावी-उजवीकडे सगळी सरळसरळ बॅककंट्री. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथेच हापतखुडला दोन पोलिश स्कीअर मेले, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एक रशियन. काश्मीर-हिमाचलसाठी डीआरडीओच्या डीजीआरई या बर्फाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडून (आधी सासे म्हणायचे) इशारे येतात, पण ते जिल्ह्यावार असतात, "तिसऱ्या बोलमध्ये (वाडग्यासारख्या खोलगट भागात) ईशान्येचा उतार" अशी बारीक माहिती त्यात नसते. म्हणून तिथल्या स्की पेट्रोलला रोज सकाळी जाऊन विचारा आणि बंद म्हटलं की बंद.

गुलमर्गच्या आयआयएसएममध्ये (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग) किंवा मनालीच्या इन्स्टिट्यूटमध्ये बेसिक स्की कोर्स केला म्हणजे अ‍ॅव्हलांच कोर्स झाला असं समजू नका, हे दोन वेगळे विषय आहेत. स्थानिक गाइड घ्या, पण तुमचा बीकन तुमच्याच अंगावर हवा, आणि गाइडला पहिल्याच दिवशी विचारा की भाऊ, तुमच्याकडे फावडं-प्रोब आहे का, आणि आज सकाळी आपण सगळे मिळून एकदा बीकन शोधायची प्रॅक्टिस करायची का. जो हसून टाळेल त्याच्याबरोबर जाऊ नका, दुसरा बघा, भरपूर आहेत. विमानात एअरबॅगच्या सिलिंडरची कटकट होते, एअरलाइनला आधी लिहून विचारा. भाड्याने बीकन घेतला तर दुकानातच सुरू करून, पाठवतोय आणि शोधतोय दोन्ही बघून, नवीन बॅटरी घालून मगच पैसे द्या.

सीझन संपला की बीकनमधली बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती आतच फुटते आणि ऑक्टोबरात नवीन बीकन घ्यावा लागतो.